लागणारं गाव

गावांचे मुख्य प्रकार दोन. जिथे आपल्याला जायचं असतं ती, आणि जी आपल्याला लागतात ती. मुंबईला जायचं असतं, पुण्याला जायचं असतं; खोपोली लागते. बोरघाटाच्या पायथ्याशी बसून या गावाने पिढ्यान्‌पिढ्या लागण्याचाच धंदा केला. आणि मराठीत भूक लागते, तहान लागते, धाप लागते, घाटात तर गाडीही लागते. त्यामुळे धंद्याला तोटा नव्हता.

हे मर्म प्रथम ओळखलं नाना फडणविसांनी. त्यांनी इथे तळं बांधलं आणि महादेवाचं देऊळही. घाट चढण्यापूर्वी माणसाला पाणी लागतं आणि घाट नुसता पाहिला की देव आठवतो! पुढे १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी घाटातला गाडीरस्ता खुला केला आणि तहानलेल्यांत बैलांची भर पडली.

पण खरी चंगळ केली रेल्वेने. १८५६ साली मुंबईकडची आगगाडी खोपोलीपर्यंत आली आणि समोरचा घाट पाहून थांबली. १८५८ साली वरच्या अंगाला खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट पालखीतून, नाहीतर तट्टावरून. म्हणजे मुंबई-पुणे करणाऱ्या प्रत्येकाला खोपोलीत उतरणं भाग! 'उतारू' या शब्दाचं इतकं सार्थक दुसऱ्या कुठल्या गावाने केलं नसेल.

हे सुख पाच वर्षं टिकलं. १८६३ साली घाटातला लोहमार्ग पुरा झाला, तो पळसदरीहून परस्पर वर चढला आणि खोपोलीला नुसता फाटा उरला. घाटात गाडीला मागून रेटणारी जादा इंजिनं कर्जतला जोडू लागले, आणि त्या थांब्यात कर्जतचा बटाटावडा नावारूपाला आला. या इंजिनांना रेल्वेत 'बँकर' म्हणतात. बँकर चढावर मागून जोर लावतो, हे मी आमच्या शाखेत सांगितलं, तर एकाही कर्जदाराला ते खरं वाटलं नाही.

बायपास हा शब्द तेव्हा आपल्याकडे यायचा होता, पण खोपोलीने तो सोसला होता. गाव सावरलं १९१५ साली, टाटांनी घाटमाथ्यावरचं पाणी नळांतून खाली सोडून वीज काढली तेव्हा. नंतर मोटारी आल्या. चढणाऱ्या मोटारीच्या रेडिएटरला पाणी लागे आणि उतरलेल्या ड्रायव्हरला चहा. गाव पुन्हा लागू लागलं.

२००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला. लांबी साडेचौऱ्याण्णव किलोमीटर. दुचाकी आणि रिक्षा यांना मज्जाव. जुन्या हमरस्त्यावर उरले तेच. पुढच्याच साली मी बी.कॉम. होऊन एका सहकारी बँकेच्या तिथल्या शाखेत चिकटलो. वर्तमानपत्रांत द्रुतगती मार्गाने वाचणाऱ्या वेळाचा हिशेब येई. तो वेळ कुणाच्या खात्यातून वजा झाला, ते आमच्या पिग्मीच्या वहीत दिसे. हमरस्त्यावरचा एक चहावाला रोज पन्नास रुपये भरायचा. पन्नासाचे तीस झाले, तिसाचे दहा. मग पिग्मी एजंट नुसताच निरोप आणू लागला, "उद्या या."

"साहेब, गाड्या कमी नाही झाल्या," चहावाला म्हणायचा, "थांबणं गेलं."

शेजारच्या पंक्चरवाल्याने मुदतीआधीच पिग्मी मोडली. नियमाप्रमाणे कपात करून उरलेल्या नोटा मी मोजून दिल्या. त्याने त्या पुन्हा मोजल्या नाहीत. बँकेत नोटा न मोजणारा माणूस दिसला, की समजावं, त्याचा हिशेब आधीच झालेला आहे. कॉम्प्रेसर विकून तो गावाकडे गेला. वाणिज्य शाखेत आम्हाला यंत्रावर घसारा लावायला शिकवलं, ख्यातीची किंमत काढायला शिकवलं. पण दारावरून जाणारा रस्ता ताळेबंदात कुठे मांडायचा, हे काही शिकवलं नाही. तो मालकीचा नसतो, पण दुकान त्याच्यावरच चालतं. आणि घसारा न लागता एका दिवसात शून्य होतो.

चहावाला मात्र टिकला. त्याने कारखान्यांच्या पाळ्यांच्या वेळा भिंतीवर लिहून घेतल्या आणि पाळी सुटायला गरमागरम वडे काढू लागला. वाटसरूला कालचा वडा खपतो, कारण तो भांडायला परत येत नाही. गावातला माणूस दुसऱ्या दिवशी परत येतो, तोही चार जणांना घेऊन. द्रुतगती मार्गामुळे पुणं किती जवळ आलं ते इंजिनिअर सांगतील. त्या टपरीवरचा वडा सुधारला, हे मी खाऊन सांगतो. पुढे त्याची पिग्मीही सुरू झाली. पन्नासाची नव्हे, वीसची, पण रोजची.

आता घाटाच्या अलीकडे खालापूरला द्रुतगती मार्गावरच भलामोठा फूडमॉल आहे. तिथली गर्दी पाहिली की पटतं, नानांचा अंदाज मुळीच चुकला नव्हता. घाट चढण्यापूर्वी माणसाला काहीतरी लागतंच. फक्त ते कुणाच्या दारात लागावं, हे रस्ता आखणारा ठरवतो; आणि त्याला स्वतःला पुण्याला जायचं असतं.