ओझे कोणाचे, करार कोणाचा?

हडपसरचा इतिहास लिहायचा झाला, तर तो ओझ्यांचा इतिहास म्हणूनही लिहिता येईल. मुठेच्या कालव्याचे पाणी आले, मळे फुलले आणि भाजीच्या पाट्या पुण्याच्या पेठांकडे निघू लागल्या. १९५८ साली किर्लोस्कर न्यूमॅटिकचा कारखाना उभा राहिला, त्यामागून इतर कारखाने आले आणि लोखंडाची ने-आण सुरू झाली. पुढे मगरांच्या मळ्यांवर मगरपट्टा सिटी वसली. आज सोलापूर रस्त्यावर दिवेलागणीला पाहावे, तर पाठीवर चौकोनी पिशव्या अडकवलेली तरुण मुले दुचाकीवरून घरोघर माल पोहोचवताना दिसतात. ओझे बदलले, रस्ता बदलला. वाहणारा मात्र आहेच.

या वाहणाऱ्याच्या इतिहासात एक प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो. ओझ्याचा दर ठरतो, त्याचा करार होतो; पण तो मान्य आहे की नाही, हे कोणी सांगायचे? ज्याने वाटाघाटी केल्या त्या पुढाऱ्याने, की ज्याच्या पाठीवर ते ओझे चढायचे आहे त्याने?

आपल्याकडे कामगार चळवळीचा आरंभ झाला, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर सरळ होते. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना परळला एकत्र बोलावले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर आणि कामावर जखमी झालेल्यास भरपाई अशा मागण्या मांडल्या गेल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांनी निवेदनाला आपली संमती दिली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. जून महिन्यात मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्या काळी कामगाराला कायद्याने संघटनेचा हक्क नव्हता, मतपेटी नव्हती. पण मागणी उघड्या मैदानावर, सर्वांच्या कानांवर घालून ठरली होती.

पुढे कायदे आले, संघटना आल्या आणि हे मैदान हळूहळू आक्रसत गेले. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगाला एका भागात एकच प्रातिनिधिक संघटना मानली. हेतू वाईट नव्हता. दहा संघटना दहा तोंडांनी बोलू लागल्या, तर तडजोड करायची कोणाशी? परंतु त्या एका तोंडातून निघालेला शब्द कामगाराला पटला नाही, तर त्याने काय करावे, याला त्या व्यवस्थेत सोपी वाट राहिली नाही. १९८१ च्या दिवाळीत बोनसच्या प्रश्नावर राष्ट्रीय मिल मजदूर संघाने केलेली तडजोड पुष्कळ गिरण्यांतल्या कामगारांना रुचली नाही. ते डॉ. दत्ता सामंतांच्या घरी गेले. १८ जानेवारी १९८२ पासून अडीच लाखांच्या घरात कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही. त्या संपाची कारणे अनेक सांगतात, आणि ती सारी खरीही असतील. पण 'आमच्या नावाने सही झाली, आम्हांला मात्र कोणी विचारले नाही' ही सल त्यांतले लहान कारण नव्हे.

विचारण्याची रीत असली, तरीही घोळ होतोच. अमेरिकेत घरोघर पार्सले पोहोचवणाऱ्या यूपीएस कंपनीचे कामगार टीमस्टर्स या जुन्या संघटनेत आहेत. तेथे करार होण्यापूर्वी सभासदांची मते घेतात. २०१८ मध्ये मत देणाऱ्यांपैकी ५४ टक्क्यांनी करार नाकारला. पण निम्म्याहून कमी सभासदांनी मत दिले होते, आणि अशा वेळी नकाराला दोन-तृतीयांश मते लागत असा संघटनेचा नियम होता. पुढाऱ्यांनी त्या नियमावर बोट ठेवून करार लागू केला. सभासद चिडले. २०२१ च्या अधिवेशनात त्यांनी तो नियमच काढून टाकला आणि त्याच वर्षी पुढारीही बदलले. २०२३ मध्ये सुमारे ३ लाख ४० हजार कामगारांसाठी नवा करार आला. अर्धवेळ कामगारांची मजुरी तासाला निदान २१ डॉलर आणि नव्या गाड्यांत थंड हवेची सोय ही त्यातली कलमे. मत देणाऱ्यांपैकी ८६ टक्क्यांनी तो मान्य केला. पाच वर्षांच्या अंतराने झालेल्या या दोन मतदानांत शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

पण आपल्या हमालाची अडचण याहून मुळातली होती. करार करायला दुसरा पक्ष लागतो, आणि हमालाला दुसरा पक्षच नव्हता! व्यापारी म्हणे, हा माझा नोकर नव्हे. आडत्या शेतकऱ्याकडे बोट दाखवी. गाडीवाला म्हणे, माल ज्याचा, त्याने पाहावे. हमाली, तोलाई, वाराई असे शब्द शेतकऱ्याच्या पट्टीत मांडलेले असत, पैसे कापले जात. पण कापणारा हात कोणाचा आणि देणारा कोणाचा, हे शोधू गेल्यास धागा सापडत नसे.

पुण्यात १९५५ च्या सुमारास हमाल पंचायत उभी राहिली, ती या कोंडीतून. नाना पेठेत दवाखाना चालवणारे डॉ. बाबा आढाव तिच्या उभारणीत पुढे होते. भवानी पेठ आणि नाना पेठ म्हणजे धान्याच्या व्यापाराचा गाभा आणि हमालवस्तीचाही. संघटनेला 'पंचायत' हे नाव दिले, यातही अर्थ आहे. एकत्र बसावे, ऐकावे, मग ठरवावे, ही रीत गावाकडून आलेल्या माणसाला कोणी शिकवावी लागत नाही.

आणि हमालीच्या दरात समजून घेण्यासारखे असतेच पुष्कळ. वरवर पाहता दर म्हणजे पोत्यामागे इतके पैसे. परंतु पोते किती वजनाचे, गाडीपासून किती पावलांवर न्यायचे, थप्पी किती उंच रचायची, माल धान्याचा की मिरचीचा, हे ठरल्यावाचून त्या पैशांना अर्थ नाही. मजुरी चार पैशांनी वाढली आणि पोते दहा किलोंनी जड झाले, तर वाढ कोणाची झाली? हा हिशेब कागदावर करणाऱ्याला चुकतो, पाठीवर करणाऱ्याला चुकत नाही. शंभर किलोंचे पोते पन्नास किलोंवर आणावे, ही हमालांची मागणी म्हणूनच मजुरीइतकीच जीवनमरणाची होती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली एका पुरुषाने वाहण्याच्या वजनाला ५५ किलोंची मर्यादा सुचवली होती. संबंधित ठरावाला भारताने मान्यता दिली ती २०१० मध्ये.

मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगारांना संघटित केले होते. पाटण तालुक्यातून आलेल्या या माणसाला ओझ्याची ओळख पुस्तकातून झालेली नव्हती. या साऱ्या चळवळींच्या रेट्याने १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. गोदी कामगारांसाठी १९४८ साली केलेल्या कायद्याचे वळण त्याने गिरवले. मंडळात सरकार, मालक आणि कामगार असे तिघांचे प्रतिनिधी. कामगाराची नोंद मंडळाकडे, मालकाचीही नोंद मंडळाकडे. मजुरी मालकाने मंडळात भरायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही द्यायची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, उपदान यांची तरतूद. 'हा माझा नोकर नव्हे' या वाक्याला कायद्याने दिलेले हे उत्तर होते.

पुढे हमाल पंचायतीने १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली, पतसंस्था आणि घरे यांकडे लक्ष दिले. कायद्याचे सारेच गोमटे झाले असे नव्हे. कित्येक ठिकाणी नोंदणी झालीच नाही. वाराई कोणी द्यायची, यावर गाडीवाले आणि व्यापारी भांडत राहिले. माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्या टोळ्यांनी खऱ्या हमालाचे नाव बदनाम केले. तरीही दर ठरवताना समोर कोणीतरी बसलेले असते, हा फरक लहान नाही.

दुचाकीवरून पिशव्या नेणाऱ्या हडपसरच्या मुलांपुढे आज जुनीच कोंडी नव्या वेषात उभी आहे. कंपनी त्यांना 'भागीदार' म्हणते. दर फोनच्या पडद्यावर येतो, पडद्यावरच बदलतो, आणि 'मान्य' या शब्दावर अंगठा टेकवल्याशिवाय पुढचे काम मिळत नाही. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिने या कामगारांचे नाव प्रथमच कायद्यात घेतले आणि कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या कल्याणासाठी द्यावी असे सांगितले. हे चांगलेच झाले. पण कल्याणनिधी वेगळा आणि दर ठरवताना समोरासमोर बसण्याचा हक्क वेगळा. हा दुसरा हक्क त्या तरतुदीने दिलेला नाही.

उद्या तो हक्क या मुलांनी मिळवला आणि त्यांच्यापुढे करार आला, तर जुन्या हमालांची एक सवय त्यांनी जरूर उचलावी. आकडा ऐकून हुरळून न जाता पोत्याचे वजन विचारावे: फेरी किती किलोमीटरांची, थांबण्याचा वेळ कोणाच्या हिशेबी, पेट्रोल कोणाचे, अपघात झाला तर दवाखाना कोणाचा. आणि पुढाऱ्याने सही करण्यापूर्वी तो कागद एकदा सर्वांसमोर मोठ्याने वाचायला लावावा. लोखंड्यांनी परळच्या सभेत एवढेच केले होते.