दोघांचं टेबल

मुंबईत शुक्रवारी किंवा रविवारी रात्री मासळीच्या कुठल्याही नावाजलेल्या हॉटेलात डोकावलं, तर दोघादोघांची टेबलं भरलेली दिसतात. मधे लसूण-लोण्यात परतलेला खेकडा, त्याची नांगी फोडणारी बायको, बोटं चाटणारा नवरा, आणि भोवती कुणाचंच कुणाला ऐकू येऊ नये इतका कलकलाट. (शुक्रवार-रविवार अशासाठी, की सोमवार, गुरुवार, शनिवार हे अनेक घरांत देवांनी वाटून घेतलेले आहेत.) हे दृश्य इतकं अंगवळणी पडलंय की ते या शहराइतकंच जुनं असेल असं वाटावं. मासे खाणं जुनं आहेच, बाहेर जेवणंही शंभराहून अधिक वर्षांचं आहे. पण नवरा-बायकोनं रात्री मुद्दाम बाहेर पडून, अनोळखी माणसांच्या गर्दीत समोरासमोर बसून मासळी खायची, ही रीत मध्यमवर्गात रुजली ती फार तर गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत. प्रेमविवाह वाढले, बायका शिकल्या, म्हणून ती आली असं सहज म्हटलं जातं. मला तिचं श्रेय आधी बर्फाला, मग खेकड्याला आणि शेवटी एअर कंडिशनरला द्यावंसं वाटतं.

सुरुवात खानावळीपासून करावी लागते. कावसजी नानाभाई दावरांनी १८५४ मध्ये कापडगिरणीची कंपनी काढली आणि पुढच्या काही दशकांत रत्नागिरी-साताऱ्याकडचे पुरुष गिरणगावात लोटले. बायका-मुलं गावाकडे राहिली. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत स्त्रियांची संख्या पुरुषांच्या निम्म्याहून थोडीच अधिक होती. चाळीतल्या एकेका खोलीत पाळीपाळीनं झोपणाऱ्या या माणसांना चूल नव्हती. त्यांच्यासाठी खानावळी निघाल्या. महिन्याचे पैसे ठरलेले, ताट ठरलेलं, वेळ पाळीच्या भोंग्यानं ठरवलेली. कालवण, भात, कधी एखादी तळलेली तुकडी. ह्या खानावळी पुष्कळदा बायकाच चालवत, आणि त्यांचा धंदा इतका मोठा होता की १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांची अन्नपूर्णा महिला मंडळात संघटना बांधली. म्हणजे बाहेरच्या जेवणातून स्त्री कधीच गैरहजर नव्हती. मासळीच्या धंद्यात तर ती मालकीणच. कोळीण टोपली घेऊन बसते, भाव सांगते, कल्ले उलटून ताजेपणा दाखवते आणि गिऱ्हाइकाला चार शब्दही सुनावते. कोळणींकडे बोट दाखवून कुणी म्हणेल की मग बायकांना मज्जाव होता कुठे? मज्जाव विकायला नव्हता, रांधायला नव्हता, वाढायलाही नव्हता. बाकावर बसून दुसऱ्यानं वाढलेलं खायला होता.

पांढरपेशांची गोष्ट निराळ्या वाटेनं तिथेच येते. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांवरून केवढं ग्रामण्य माजलं, टिळक-रानड्यांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादातून कसं जावं लागलं, हे सर्वांना ठाऊक आहे. जिथे पुरुषांनी परक्या हातचा चहा पिणं एवढं महाग पडत होतं, तिथे बायकोला घेऊन परक्या चुलीवरची मासळी खायला जाण्याचा प्रश्नच नव्हता. शिवाय घरातसुद्धा नवरा-बायको एका वेळी जेवत नसत. आधी पुरुषांची पंगत, मग बायकांची. यावर पारशी, ख्रिस्ती आणि साहेबी वळणाच्या घरांचा दाखला दिला जाईल. १९०३ मध्ये ताज उघडलं, तिथे जोडपी जेवत होतीच. खरं आहे. पण ते टेबल वरून, युरोपच्या रीतीनं आलेलं होतं. त्यावर काटे-चमचे होते आणि तिसऱ्यांचं सुकं नव्हतं. मला शोधायचंय ते हातानं खायच्या माशांचं टेबल. ते ताजमधून खाली उतरलं नाही, खानावळीतूनच वर चढलं.

मधली पायरी इराण्याची. गोल संगमरवरी टेबलं पुरुषांची, आणि मागे किंवा माळ्यावर लाकडी फळ्यांनी आडोसा केलेली ‘फॅमिली रूम’. बाईमाणूस सोबत असेल तर तिथे जायचं. पडदा ओढला की तुम्ही हॉटेलात असूनही हॉटेलात नाही. पुढे उडुप्यांची हॉटेलं आली. ए. रामा नायक यांनी १९४२ मध्ये माटुंग्याला श्रीकृष्ण बोर्डिंग काढलं, त्या परंपरेतल्या शाकाहारी, सोवळ्या वाटणाऱ्या जागांमध्ये बायका-मुलांसह जायला लोक तुलनेनं लवकर सरावले. मासळीचं हॉटेल मात्र मागे राहिलं. त्याचं एक कारण दारू. १९४९ च्या दारूबंदी कायद्याची पकड पुढे सैल झाली तेव्हा जिथे मासे तिथे परमिट रूम असं समीकरण जमू लागलं, आणि परमिट रूममध्ये घरंदाज बाई बसत नसे. एकाच छपराखाली मासळी, बाटली आणि बायको ही तीन माणसांची बैठक जमवायला कुणी तयार नव्हतं.

दुसरं कारण घड्याळाचं, आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. ससून डॉकवर लिलाव पहाटे होतो. खानावळीचं कालवण दुपारी उतरतं. पुरेसा बर्फ आणि शीतपेटी नसेल तर उकाड्याच्या शहरात सकाळचं पापलेट रात्री कुणाला वाढण्याजोगं राहत नाही. त्यामुळे फोर्टातल्या मासळीच्या ठिकाणांना ‘लंच होम’ म्हणत ते काही कौतुकानं नव्हे. कचेऱ्यांतले कारकून दुपारी यायचे आणि संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की रस्ते ओस पडायचे. मंगळूर-उडुपीकडच्या मंडळींनी ह्या धंद्यात जम बसवला. तिकडच्या मोगवीर समाजाचं मंडळ मुंबईत १९०२ पासून आहे, आणि १९७४ च्या कर्नाटकातल्या जमीनसुधारणांनी कुळांना जमिनी दिल्यावर जमीनदार बंट घराण्यांतल्या बऱ्याच तरुणांनी मुंबईच्या हॉटेलधंद्याची वाट धरली. त्यांच्यापुढे साधा हिशेब होता: भाडं चोवीस तासांचं, कमाई दोन-तीन तासांची. रात्री गल्ला भरायचा तर शहराच्या दुसऱ्या टोकाहून गिऱ्हाईक यायला हवं, आणि टॅक्सी करून येणारा माणूस दुपारच्या राइसप्लेटसाठी येत नाही.

इथे चिंबोरी उपयोगी पडली. नांग्या बांधून ओलसर ठेवली तर खाडीतली मोठी चिंबोरी पाण्याबाहेर काही दिवस जिवंत राहते. म्हणजे रात्री दहालाही ती ताजीच, आणि ते सिद्ध करायला वेटर ती वळवळती टेबलापाशी आणून दाखवतो. कोळणीनं कल्ले उलटून दाखवावेत तसाच हा प्रकार, फक्त आता घासाघीस नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हा पदार्थ खानावळीच्या सगळ्या नियमांच्या उलट आहे. ताट एकट्याचं असतं, खेकडा वाटून खायचा असतो. ताटाचा भाव ठरलेला, खेकड्यापुढे मेनूकार्डावर आकडाच नसतो, ‘आकारानुसार’ एवढंच. ताट दहा मिनिटांत संपवून उठायचं, कारण मागे माणूस उभा आहे. खेकडा फोडत तासभर बसावं लागतं. काळ्या घोड्याच्या तृष्णाचा किंवा फोर्टातल्या महेश लंच होमचा लोण्या-लसणातला खेकडा मंगळूरच्या घरातला नाही की मालवणच्याही नाही. तो मुंबईतच, अशा लांबणाऱ्या रात्रीसाठी घडला, असं मी मानतो.

राहिला पडदा. तो गेला असं आपण म्हणतो, पण त्याची फक्त जागा बदलली. पुढच्या काळात हॉटेलांनी काचेचं दार लावून आतला भाग थंड केला आणि तिथल्या जिनसांचे भाव वाढवले. बाहेर साधा विभाग, आत ए.सी. फॅमिली रूमचं काम आता हे दार करू लागलं. पूर्वी पुरुषांना बाईपासून दूर ठेवायला लाकडी फळी लागे, आता वाढीव भाव कमी पैशांच्या पुरुषांना दूर ठेवत होता. आत बसलेल्या बाईला पडद्याची गरज उरली नाही, कारण भोवतीची गर्दी आधीच निवडलेली होती. तिच्या टेबलावर बिअर आली तरी त्या जागेला कुणी परमिट रूम म्हणेना. दोघांचं टेबल खुलं झालं ते असं, गाळणीतून.

यावरचा सगळ्यात जड आक्षेप असा, की कमावत्या स्त्रियांशिवाय हे काहीच झालं नसतं. पगारामुळे खेकडा परवडला आणि संध्याकाळी घराबाहेर असणं स्वाभाविक झालं, हे मान्यच. पण कचेऱ्यांत, शाळांत, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम करणाऱ्या मुंबईकर बायका त्याच्या खूप आधीपासून होत्या, आणि त्या उडुप्याकडे, इराण्याच्या आडोशात जातही होत्या. इच्छा होती, ऐपतही थोडीफार होती, जागा नव्हती. उलट १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, खानावळींचा गिऱ्हाईकवर्ग विरला, आणि एकट्या पुरुषासाठी रांधणारं हे शहर त्याच सुमारास जोडप्यांकडे वळलं. दोन्ही गोष्टी एकमेकींमुळे झाल्या असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही, पण त्या एकाच पिढीच्या डोळ्यांसमोर झाल्या.

माझ्या मांडणीला न जुमानणारं एक उदाहरण मात्र दादरला आहे. तिथल्या मालवणी-गोमंतकी जागांत आजही ठरलेलं ताट मिळतं, सोलकढी येते, आणि जोडप्यासमोरच्या रिकाम्या खुर्च्यांवर मालक बिनदिक्कत दोन परकी माणसं आणून बसवतो. ना काच, ना चढा भाव, तरी बायका निवांत जेवतात. मग गाळणीची गरज काय होती? माझं उत्तर एवढंच, की ही सवय आधी महागड्या जागांनी लावली आणि स्वस्त जागांनी ती नंतर उचलली. पण दादरचं जोडपं वीस मिनिटांत जेवून उठतं, कारण दाराशी नावं लिहून घेतलेली माणसं उभी असतात, आणि तिथे रात्र घालवायला कुणी जात नाही, जेवायला जातं.