तलवार पडद्यावरची आणि रणांगणातली : सामुराई व मावळे

फ्रिस्कोच्या दक्षिणेला, डॅलस शहराच्या हारवूड भागात, अ‍ॅन व गॅब्रिएल बार्बिए-म्युलर दांपत्याच्या सामुराई संग्रहाचे संग्रहालय २०१२ पासून आहे. चित्रपटांतून सामुराई ओळखणारा प्रेक्षक तेथे गेला तर थोडा चकित होतो. संग्रहाचा भर तलवारींवर नाही. तो चिलखते, शिरस्त्राणे, लोखंडी मुखवटे आणि घोड्यांच्या साजावर आहे. पडद्यावर मात्र सामुराई म्हणजे तलवार. हे अंतर कसे पडले आणि मराठी ऐतिहासिक चित्रपटांतही ते कसे दिसते, याचा हा संक्षिप्त परिचय.

जपानचा इतिहास

आरंभीचा सामुराई हा मुख्यतः घोड्यावरचा धनुर्धर होता. पुढे भाल्याचे महत्त्व वाढले. १५४३ मध्ये पोर्तुगिजांबरोबर तोड्याची बंदूक तानेगाशिमा बेटावर पोहोचली आणि १५७५ च्या नागाशिनोच्या लढाईत ओदा नोबुनागाच्या बंदूकधाऱ्यांपुढे ताकेदा घराण्याचे सैन्य कोलमडले. रणांगणात ‘कताना’ हे जवळच्या झुंजीचे, दुय्यम शस्त्र होते. सामुराईचा आत्मा म्हणून तिचे माहात्म्य वाढले ते १६०३ नंतर, तोकुगावा राजवटीच्या दीर्घ शांततेत. युद्धे थांबल्यावर तलवार हे प्रतिष्ठेचे चिन्ह झाले. १८७६ मध्ये ती उघडपणे बाळगण्यावरच बंदी आली.

पडद्यावरचा जपान

तलवारबाजीच्या जपानी चित्रपटांना ‘चानबारा’ म्हणतात. या परंपरेतील श्रेष्ठ दिग्दर्शक अकिरा कुरोसावा इतिहासाशी प्रामाणिक राहिले. ‘सेव्हन सामुराई’ (१९५४) मध्ये चार सामुराई मरतात आणि चौघेही बंदुकीच्या गोळीने. त्यांत सर्वांत निष्णात तलवारबाजही आहे. ‘सांजुरो’ (१९६२) मधील अखेरचे द्वंद्व एकाच वारात संपते. याउलट ‘द लास्ट सामुराई’ (२००३) मधील बंडखोर बंदुका नाकारतात. ज्या १८७७ च्या सात्सुमा बंडावरून ही कथा सुचली, त्यात साइगो ताकामोरींच्या सैन्याकडे बंदुका आणि तोफाही होत्या. पुढे त्यांना दारूगोळा कमी पडला.

मराठी रणभूमी

मावळ्यांची शस्त्रे विविध होती : सरळ, लांब पात्याची धोप, युरोपीय पाते बसवलेली फिरंग, कोपरापर्यंत हात झाकणारा दांडपट्टा, भाला, धनुष्य आणि बंदूक. नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांची जी तलवार महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून मिळवली, तीही फिरंग पद्धतीचीच आहे.

तरीही विजय केवळ शस्त्रांचा नव्हता. जुलै १६६० मध्ये घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदलांच्या मावळ्यांनी अरुंद वाट निवडली, कारण तेथे शत्रूच्या संख्येचा उपयोग होत नव्हता. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला तो कडा चढून, गडकरी बेसावध असताना. ‘तान्हाजी’ (२०२०) मध्ये या मोहिमेभोवती ‘नागीण’ नावाच्या प्रचंड तोफेचे कथानक रचले आहे. ते काल्पनिक आहे. कड्याला दोर लावणारी घोरपडही पोवाड्यातून लोकप्रिय झाली. सभासदाच्या बखरीत ती नाही.

काय निसटते?

महाराष्ट्रात मुलांच्या हाती चौथीचे शिवचरित्राचे पुस्तक येते. परदेशात वाढणाऱ्या मुलांची शिवकालाशी पहिली भेट बहुधा चित्रपटातच होते. म्हणून पडद्यावरून काय गळते, हे महत्त्वाचे ठरते. एका नायकाने पन्नास शत्रू कापले की डोळे दिपतात. पण गडांची साखळी, हेरांची बातमी, वाटांची माहिती, रसद आणि नाव न उरलेले शेकडो मावळे नजरेआड होतात. अल्पबळाने बलाढ्य सत्तेशी झुंजणाऱ्यांचे खरे कर्तृत्व तेथेच होते.

चित्रपट पाहून झाल्यावर मुलांना तीन प्रश्न विचारता येतील : लढाईची जागा कोणी निवडली? वेळ कोणती होती? नायकाच्या मागे कोण उभे होते? उत्तरे शोधताना नकाशा उघडावा लागेल. घोडखिंडीपासून विशाळगड किती दूर होता आणि कोंढाण्याचा कडा कसा होता, हे पाहिले की बाजीप्रभू आणि तानाजी लहान होत नाहीत. त्यांनी काय साधले ते नेमके कळते.