नूमेनोरची स्थापना आणि प्रारंभिक इतिहास

नूमेनोर हे इंग्लिश लेखक जे.आर.आर. टॉल्किन (१८९२–१९७३) यांच्या कल्पित विश्वातील एक द्वीपराज्य आहे. पुढे त्याचे सागरी साम्राज्यात रूपांतर झाले. टॉल्किन यांच्या कालगणनेनुसार द्वितीय युगाच्या ३२व्या वर्षी या राज्याची स्थापना झाली आणि त्याच युगाच्या ३३१९व्या वर्षी ते समुद्रात बुडाले. *द लॉर्ड ऑफ द रिंग्ज* या कादंबरीतील आर्नोर व गोंडोर ही राज्ये नूमेनोरच्या बुडण्यातून वाचलेल्या लोकांनी वसवलेली आहेत. या लेखात राज्याची स्थापना, पहिल्या सहा राजांचा व पहिल्या राज्यकर्त्या राणीचा काळ आणि साम्राज्याकडे झालेली वाटचाल यांचा परामर्श घेतला आहे.

नाव

या बेटाला निरनिराळ्या प्रसंगी निरनिराळी नावे मिळाली. देवतुल्य वालार शक्तींनी त्याला ‘आंदोर’, म्हणजे ‘देणगीची भूमी’, असे म्हटले. ताऱ्याच्या मार्गदर्शनाने लोक तेथे पोहोचले म्हणून ते ‘एलेन्ना’, अर्थात ‘ताऱ्याच्या दिशेस’, असेही ओळखले जाई. ‘नूमेनोर’ हे ‘नूमेनोरे’ या क्वेन्या भाषेतील नावाचे रूढ रूप असून त्याचा अर्थ ‘पश्चिमेची भूमी’ असा होतो. बेटावरील लोकांच्या आदूनाइक या बोलीभाषेत त्यास ‘आनादूने’ म्हणत. बेट बुडाल्यानंतर त्याला ‘आतालान्ते’, म्हणजे ‘पतन पावलेली’, हे नाव पडले. या नावाचे अटलांटिसशी असलेले ध्वनिसाम्य वाचकाच्या सहज लक्षात येते.

पार्श्वभूमी

प्रथम युगाच्या अखेरीस मॉर्गोथ या दुष्ट शक्तीविरुद्ध मोठे युद्ध झाले. त्यात मॉर्गोथचा पराभव झाला, परंतु बेलेरियांड हा मिडल-अर्थचा वायव्य प्रदेश बहुतांश समुद्राखाली गेला. बेओर, हालेथ व हादोर या तीन घराण्यांतील मनुष्यांनी एल्फांच्या बाजूने हे युद्ध लढले होते. या तीन घराण्यांना मिळून ‘एदाइन’ असे म्हणतात. त्यांच्या निष्ठेचे व सोसलेल्या हालांचे पारितोषिक म्हणून वालार शक्तींनी त्यांना राहण्यासाठी स्वतंत्र भूमी देण्याचे ठरवले. ही भूमी मिडल-अर्थचा भाग नव्हती आणि पश्चिमेकडील अमर भूमीचाही नव्हती. ती या दोहोंच्या मध्ये, पण अमर भूमीला अधिक जवळ होती.

कथेनुसार ओस्से याने हे बेट समुद्रतळातून वर आणले, आउले याने ते स्थिर केले आणि यावान्ना हिने ते समृद्ध केले. तोल एरेस्सेआ या बेटावरील एल्फांनी तेथे फुले आणि कारंजी आणली. त्यानंतर एआरेंदिलच्या ताऱ्याच्या प्रकाशात एदाइन गलबतांतून नव्या भूमीकडे निघाले.

स्थापना

एदाइनांचा पहिला राजा एल्रोस हा एआरेंदिल व एल्विंग यांचा पुत्र आणि एल्रोंडचा भाऊ होता. या दोन्ही भावांच्या अंगी मनुष्य व एल्फ अशा दोन्ही वंशांचे रक्त असल्याने कोणत्या वंशात गणले जावे हे निवडण्याची मुभा त्यांना देण्यात आली. एल्रोंडने एल्फांचे अमरत्व स्वीकारले, तर एल्रोसने मनुष्याची नियती, म्हणजेच मृत्यू, पत्करला. या निवडीमुळे नूमेनोरचे राजघराणे आरंभापासूनच मर्त्य ठरले. मात्र एल्रोसला सामान्य मनुष्याहून कितीतरी दीर्घ आयुष्य लाभले.

द्वितीय युगाच्या ३२व्या वर्षी एल्रोस ‘तार-मिन्यातुर’ या नावाने सिंहासनावर बसला. ‘तार’ हा राजपदवाचक उपसर्ग पुढील राजांनीही क्वेन्या भाषेतील आपल्या राजनामांआधी लावला. एल्रोसने ४१० वर्षे राज्य केले आणि ४४२ मध्ये वयाच्या ५००व्या वर्षी तो मरण पावला. आर्मेनेलोस या राजधानीतील बुरूज व गढी त्याच्याच काळात उभारली गेली.

भूमी व लोकजीवन

नूमेनोरचा आकार पाच टोकांच्या ताऱ्यासारखा होता. मध्यभागाची रुंदी सुमारे २५० मैल असून त्यातून पाच द्वीपकल्पे बाहेर आली होती. फोरोस्तार, आन्दुस्तार, ह्यार्नुस्तार, ह्यारोस्तार आणि ओरोस्तार अशी त्यांची नावे आहेत. मध्यवर्ती प्रदेशाला मित्तालमार म्हणत. तेथे मेनेलतार्मा, म्हणजे ‘स्वर्गाचा स्तंभ’, हा पर्वत होता. त्याच्या पायथ्याच्या दरीत राजांच्या समाधी होत्या.

मेनेलतार्माचे शिखर हे विश्वनिर्माता एरू इलूवातार याचे पूजास्थान होते. तेथे मंदिर, वेदी किंवा मूर्ती नव्हती आणि सारे शिखर उघड्यावर होते. वर्षातून तीनदा, म्हणजे वसंताच्या आरंभी, ऐन उन्हाळ्यात आणि शरदाच्या शेवटी, राजा लोकसमुदायासह शिखरावर जाई. त्या वेळी केवळ राजाच बोलत असे व इतर सर्व जण मौन पाळत.

बेटावरील लोकांचे आयुष्य आरंभी इतर मनुष्यांच्या तिप्पट होते. रोगराई क्वचितच उद्भवे आणि शस्त्रे फारशी लागत नसत. शेती, मेंढपाळी, मासेमारी, शिल्पकला आणि विशेषतः जहाजबांधणी हे प्रमुख व्यवसाय होते. पश्चिम किनाऱ्यावरील आन्दूनिए हे सुरुवातीचे महत्त्वाचे बंदर होते. पुढे मिडल-अर्थशी संबंध वाढल्यावर पूर्वेकडील रोमेन्ना बंदराचे महत्त्व वाढले.

पश्चिमेची बंदी

भूमी देतानाच वालार शक्तींनी एक अट घातली होती. नूमेनोरच्या रहिवाशांनी स्वतःचा किनारा दिसेनासा होईल इतके पश्चिमेकडे जाऊ नये आणि अमर भूमीवर पाऊल ठेवू नये, अशी ही अट होती. हा निर्बंध ‘वालारांची बंदी’ म्हणून ओळखला जातो. अमर भूमीमुळे कोणी अमर होत नाही, तेथे राहणारे मुळातच अमर असल्याने ती भूमी तशी म्हटली जाते, असे कथेत स्पष्ट केले आहे. त्यामुळे ही बंदी शिक्षा नव्हे, तर मर्त्यांना निष्फळ मोहापासून दूर ठेवणारी मर्यादा होती. आरंभीच्या पिढ्यांनी तिचा हेतू पूर्णपणे न समजताही ती पाळली. देणगी व बंदी एकाच वेळी मिळाल्या, हे नूमेनोरच्या पुढील इतिहासाचे मूळ सूत्र आहे.

आरंभीचे राजे

एल्रोसचा ज्येष्ठ पुत्र वार्दामिर नोलिमोन याची वृत्ती विद्याव्यासंगी होती. पित्याच्या निधनसमयी तो स्वतःच वयोवृद्ध झाला होता. त्यामुळे त्याने प्रत्यक्ष राज्य केले नाही आणि राजदंड आपला पुत्र तार-आमान्दिल याच्याकडे सोपवला. तरीही राजांच्या यादीत त्याची गणना दुसरा राजा म्हणून होते. वृद्धत्वाने ग्रासण्यापूर्वी राजाने स्वेच्छेने राजदंड वारसाकडे द्यावा, ही प्रथा या आरंभीच्या पिढ्यांत रूढ झाली. मृत्यूकडे शांतपणे पाहण्याच्या वृत्तीचे ती लक्षण मानली जाते.

तार-आमान्दिल याने ५९० पर्यंत आणि त्याचा पुत्र तार-एलेन्दिल याने ७४० पर्यंत राज्य केले. ग्रंथलेखनाच्या आवडीमुळे तार-एलेन्दिलला ‘पार्माइते’ म्हणत. त्याची ज्येष्ठ कन्या सिल्मारिएन होती. परंतु तत्कालीन नियमानुसार केवळ पुरुषालाच गादी मिळत असल्याने तिचा धाकटा भाऊ तार-मेनेल्दुर राजा झाला. सिल्मारिएनच्या पुत्रापासून आन्दूनिएच्या सरदारांचे घराणे सुरू झाले. पुढे राज्य बुडाले तेव्हा याच घराण्यातील एलेन्दिल व त्याचे पुत्र वाचले. अशा रीतीने ज्या शाखेला गादी नाकारली गेली, तिनेच राजवंश टिकवला.

समुद्रगमन आणि मिडल-अर्थशी संबंध

पश्चिम दिशा बंद असल्याने नूमेनोरच्या खलाशांनी उत्तर, दक्षिण व पूर्व या दिशांना मोहरा वळवला. ६०० साली राजाच्या जहाजांचा कप्तान वेआंतुर याचे ‘एन्तुलेस्से’, अर्थात ‘पुनरागमन’, हे जहाज मिडल-अर्थच्या मिथलोंड बंदरात पोहोचले. एल्फ राजा गिल-गालाद याच्याशी त्याची मैत्री जुळली. तेथील मनुष्यांपैकी काही एदाइनांचे दूरचे आप्त निघाले. नूमेनोरच्या लोकांनी त्यांना धान्य पेरणे व दळणे, लाकूड तोडणे, दगड घडवणे आदी कौशल्ये शिकवली. या काळात ते शिक्षक व साहाय्यक म्हणून येत आणि परत जात.

या संबंधांना वेगळे वळण दिले ते वेआंतुरचा नातू व तार-मेनेल्दुरचा पुत्र आल्दारिओन याने. सुमारे ७५० मध्ये त्याने दर्यावर्दींचा संघ स्थापन केला आणि ग्वाथ्लो नदीच्या मुखाशी विन्यालोंदे हे बंदर वसवले. पुढे ते लोंड दाएर या नावाने प्रसिद्ध झाले. जहाजांसाठी लाकडाची गरज सतत वाढत गेली. बेटावर आल्दारिओनने तोडीबरोबर लागवडही केली, मात्र मिडल-अर्थमध्ये तसे झाले नाही. कालांतराने ग्वाथ्लोच्या दोन्ही तीरांवरील विस्तीर्ण अरण्ये उजाड झाली आणि तेथील रहिवासी नूमेनोरचे वैरी बनले.

आल्दारिओनची पत्नी एरेन्दिस बेओरच्या घराण्यातील होती आणि तिचे आयुष्य राजघराण्याइतके दीर्घ नव्हते. तिला वृक्षांची ओढ होती, तर त्याला समुद्राची. प्रदीर्घ सफरींमुळे दोघांत कायमचा दुरावा आला. राज्याच्या सीमा विस्तारत असताना घरात काय हरवत गेले, याचे हे चित्रण टॉल्किन यांच्या नूमेनोरविषयक लेखनातील सर्वांत तपशीलवार कथा आहे.

तार-मेनेल्दुरचा पेच

८८२ मध्ये आल्दारिओनने गिल-गालादचे पत्र आणले. पूर्वेकडे एक नवी दुष्ट शक्ती जागी होत असून नूमेनोरचे साहाय्य हवे, असा त्याचा आशय होता. नक्षत्रांचा अभ्यास करणाऱ्या शांतताप्रिय तार-मेनेल्दुरसमोर यामुळे कठीण प्रश्न उभा राहिला. युद्धाची तयारी केली, तर शांततेत वाढलेल्या प्रजेला शस्त्रांची व विजयाची चटक लागण्याचा धोका होता. तयारी केली नाही, तर मित्रांचा नाश होऊन संकट दाराशी येण्याची शक्यता होती. दोन्ही मार्गांचे परिणाम भयावह वाटल्याने ८८३ मध्ये त्याने राजदंड पुत्राच्या हाती दिला.

तार-आल्दारिओनने १०७५ पर्यंत राज्य केले. त्याला एकच अपत्य, आन्कालिमे ही कन्या, असल्याने त्याने वारसाहक्काचा नियम बदलला आणि स्त्रीला राज्य करण्याचा अधिकार दिला. त्यानुसार तार-आन्कालिमे नूमेनोरची पहिली राज्यकर्ती राणी झाली. तिने १२८० पर्यंत, म्हणजे २०५ वर्षे, राज्य केले.

साम्राज्याकडे वाटचाल

पत्रातील इशारा खरा ठरला. सौरोनने एल्फांवर आक्रमण केल्यावर १७०० मध्ये तार-मिनास्तिरने मोठे आरमार पाठवले आणि पुढील वर्षी सौरोनला एरियादोरमधून हुसकावण्यात आले. हा विजय नूमेनोरच्या सामर्थ्याची पहिली मोठी साक्ष होती. सुमारे १८०० पासून मात्र त्याच्या लोकांनी किनाऱ्यांवर आपली सत्ता स्थापण्यास सुरुवात केली. भेटी देणारे आता खंडणी घेऊ लागले. २२८० मध्ये उंबार येथे बळकट किल्ला उभा राहिला. एल्फांशी मैत्री जपणाऱ्या निष्ठावंतांनी २३५० मध्ये पेलार्गिर हे वेगळे बंदर बांधले.

याच सुमारास मृत्यूविषयीचा असंतोष वाढला. तार-आतानामिरने पूर्वजांची प्रथा मोडून मरेपर्यंत राजदंड सोडला नाही. अखेरचा राजा आर-फाराझोन याने बंदी झुगारून अमर भूमीवर स्वारी केली आणि त्यातच बेटाचा अंत झाला.

लेखनाचा इतिहास

प्रचंड लाट वृक्षांवर व हिरव्या शेतांवर चाल करून येत असल्याचे स्वप्न टॉल्किन यांना वारंवार पडत असे. १९३६–३७च्या सुमारास सी.एस. लुईस यांच्याशी झालेल्या चर्चेत लुईस यांनी अवकाशप्रवासावर व टॉल्किन यांनी कालप्रवासावर कथा लिहावी असे ठरले. त्यातून *द लॉस्ट रोड* ही अपूर्ण कथा आणि नूमेनोरची पहिली रूपरेषा तयार झाली. १९४५–४६ मध्ये त्यांनी या विषयाकडे पुन्हा वळून आदूनाइक भाषेची रचना केली. पतनाची कथा ‘आकाल्लाबेथ’ या शीर्षकाने *द सिल्मरिलियन* (१९७७) मध्ये, तर बेटाचे वर्णन, राजवंशावळ आणि आल्दारिओन–एरेन्दिस यांची कथा *अनफिनिश्ड टेल्स* (१९८०) मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही ग्रंथांचे संपादन त्यांचे पुत्र क्रिस्तोफर टॉल्किन यांनी केले.

आशय

१९५१ मधील एका पत्रात टॉल्किन यांनी नूमेनोरच्या अधोगतीचे तीन टप्पे सांगितले आहेत: स्वेच्छेने केलेले आज्ञापालन, कुरकुरत केलेले पालन आणि अखेरीस उघड बंड. दीर्घायुष्याने ज्ञान व कला यांची भरभराट झाली, पण त्याच वेळी मिळालेले धरून ठेवण्याची व आणखी काळ मिळवण्याची लालसाही निर्माण झाली, असे ते नमूद करतात. प्रारंभिक इतिहासातील बहुतेक घटना या दृष्टीने अर्थपूर्ण ठरतात. एल्रोसने मृत्यू स्वतः निवडला होता, तर त्याच्या वंशजांना तो जन्मतःच मिळाला. आरंभीच्या राजांनी राजदंड हातून सोडला आणि नंतरच्यांनी तो धरून ठेवला. साहाय्यासाठी उभारलेली जहाजे व बंदरे कालांतराने वर्चस्वाची साधने बनली. त्यामुळे नूमेनोरच्या पतनाचा अभ्यास करताना केवळ अखेरच्या राजाची स्वारी नव्हे, तर पहिल्या हजार वर्षांतील हे बदलही विचारात घ्यावे लागतात.