बॅकलिंक नावानिशी घ्यावी की निनावी? इंदूरच्या व्यावसायिकांनी समजून घ्यावं असं काही

इंदूर : शेव-नमकीन असो, कपडा असो की मसाले, इंदूरचा माल आता जळगाव, धुळे, बऱ्हाणपूर, नागपूरच्या गिऱ्हाइकाला घरबसल्या मागवता येतो. दुकान सियागंजात असो की छप्पन दुकानला, गूगलच्या पहिल्या पानावर नाव आलं नाही तर परगावचं गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं. म्हणून ‘महिन्याला इतक्या बॅकलिंक, इतके पैसे’ अशी पॅकेजं घेऊन एजन्सीवाले दुकानदारांकडे येतात. मग प्रश्न पडतो : लिंक आपल्या ब्रँडच्या नावानं उघडपणे मिळवायची, की नाव पुढे न करता गुपचूप लावून घ्यायची?

बॅकलिंक म्हणजे काय?

दुसऱ्याच्या वेबसाइटवरून आपल्या वेबसाइटकडे येणारी लिंक म्हणजे बॅकलिंक. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1998 मध्ये मांडलेल्या ‘पेजरँक’ पद्धतीत अशा प्रत्येक लिंकला शिफारशीचं मोल दिलं गेलं. चार जाणती माणसं ज्या दुकानाचं नाव घेतात ते दुकान चांगलं असणार, असा हा साधा हिशेब. आज गूगल इतरही पुष्कळ गोष्टी पाहतं, पण लिंकचं वजन संपलेलं नाही. शिफारशीला किंमत आली की ती विकत मिळू लागते, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

निनावी मार्ग कसा चालतो?

कुणी जुनी, मुदत संपलेली डोमेन विकत घेऊन साइटचं जाळं उभारतं आणि त्यातून लिंक देतं. कुणी खोट्या नावानं लेख लिहून मधेच दुकानाची लिंक घुसवतं. हे काम झटपट होतं, आणि ‘यात आपलं नाव कुठेच येत नाही’ असं दुकानदाराला वाटतं.

गफलत इथेच होते. लिंक देणाऱ्याचं नाव लपवता येतं, घेणाऱ्याचं नाही. लिंक कितीही निनावी असली तरी ती शेवटी आपल्याच दारात येऊन थांबते. पकडली गेली तर जाळं विणणारा दुसरं जाळं विणतो. पान घसरतं ते दुकानाचं.

दोन गाजलेली उदाहरणं

फेब्रुवारी 2011 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या मोठ्या दुकान-साखळीचं प्रकरण उघड केलं. कपडे, चादरी, गालिचे अशा कित्येक शोधांत ही कंपनी सर्वात वर दिसत होती, कारण विषयाशी काडीचा संबंध नसलेल्या असंख्य साइटवर तिच्या लिंक पेरलेल्या होत्या. गूगलनं कारवाई केली आणि एका शोधात कंपनी दोन तासांत पहिल्या क्रमांकावरून 71 व्या क्रमांकावर गेली. आपल्याला हे माहीत नव्हतं, असं कंपनीनं सांगितलं आणि एजन्सीला काढलं. तरी नुकसान कंपनीचंच झालं.

दुसरं उदाहरण वृत्तपत्रांनीही लक्षात ठेवावं असं आहे. फेब्रुवारी 2013 मध्ये ब्रिटनमधली फुलं विकणारी इंटरफ्लोरा ही कंपनी तिकडच्या मातृदिनाच्या तोंडावर गूगलवरून गायब झाली. स्वतःच्या नावानं शोधलं तरी सापडेना. प्रादेशिक वृत्तपत्रांच्या साइटवर पैसे देऊन छापलेले, लिंक असलेले लेख हे त्याचं कारण मानलं गेलं. त्या वृत्तपत्रांच्या साइटचंही वजन उतरलं. इथे ब्रँडचं नाव उघड होतं, लपवलेला होता तो पैसा. म्हणजे नुसतं नाव लावलं की व्यवहार उघड झाला, असं होत नाही. महाराष्ट्रात 2009 च्या विधानसभा निवडणुकीत ‘पेड न्यूज’वरून जे वादळ उठलं, त्याचा मुद्दाही हाच होता : जाहिरात बातमीच्या वेशात येऊ नये.

नियम काय सांगतात?

पैसे, वस्तू किंवा सवलत देऊन मिळालेल्या लिंकवर ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ ही खूण हवी, असा गूगलचा नियम आहे. नोफॉलो 2005 पासून आहे, स्पॉन्सर्ड 2019 मध्ये आली. खूण वाचकाला दिसत नाही, ती पानाच्या कोडमध्ये असते. अशी लिंक क्रमांक वाढवण्यासाठी नसते, पण गिऱ्हाईक तिच्यावरून येऊ शकतं.

एप्रिल 2012 मधल्या ‘पेंग्विन’ बदलानंतर खोट्या लिंकवाल्या अनेक साइट खाली गेल्या. डिसेंबर 2022 पासून गूगलची ‘स्पॅमब्रेन’ यंत्रणा विकत घेतलेल्या लिंक आणि त्या विकणाऱ्या साइट ओळखून त्यांचं श्रेय काढून घेते. म्हणजे शिक्षा झाली नाही तरी पॅकेजचे पैसे पाण्यात.

गूगलचा नियम हा कायदा नव्हे. पण ग्राहकाची दिशाभूल हा कायद्याचा विषय आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शिफारस करणारा आणि व्यापारी यांच्यात देवाणघेवाण असेल तर ती उघड करावी लागते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

उघड मार्गानं काय करता येईल?

• मराठी गिऱ्हाईक हवं तर साइटवर मराठी पान ठेवा. वेबदुनिया हे हिंदी पोर्टल 1999 मध्ये इंदूरहूनच सुरू झालं आणि पुढे मराठीतही आलं. मराठी साइट लिंक देतील त्या मराठी पानालाच.
• पुरवठादार, वितरक, व्यापारी संघटना यांच्या साइटवर आपलं नाव-पत्ता आणि लिंक आहे का पाहा. ही ओळख खरी असते, मागायला संकोच नको.
• गणेशोत्सव, नाट्यस्पर्धा यांना प्रायोजकत्व दिलंत तर लिंक जरूर घ्या, पण स्पॉन्सर्ड खुणेसह.
• दुसऱ्यांना उपयोगी पडेल अशी माहिती द्या : माल किती दिवस टिकतो, पार्सल कसं बांधावं, अस्सल कसं ओळखावं.

उघड मार्ग सावकाश चालतो आणि प्रतिस्पर्ध्यालाही दिसतो, हे खरं. टोपणनावानं लिहिण्यातही गैर काही नाही. दुकानाशी असलेलं नातं मात्र लपवू नये.

एजन्सीला काय विचारावं?

लिंक कोणत्या साइटवर लागणार, त्याचे पैसे कुणाला जाणार, आणि पानावर ते दिसणार का, एवढं लेखी मागा. ‘ते आमचं गुपित आहे’ असं उत्तर आलं तर तिथेच थांबा. सर्च कन्सोल हे गूगलचं मोफत साधन आहे, त्याचा ताबा स्वतःकडे ठेवा. त्यात आपल्याकडे येणाऱ्या लिंक आणि झालेली कारवाई, दोन्ही दिसतं. जुन्या विकतच्या लिंक सापडल्या तर आधी त्या काढायला सांगा. निघत नसतील तर 2012 पासून उपलब्ध असलेल्या ‘डिसअव्हाव’ सोयीनं त्या नाकारता येतात.