हे हाड कुणाचं?

बसवलेल्या दाताच्या इम्प्लांटभोवती पू धरला आणि जबड्याचं हाड झिजलं, की डॉक्टर हिरडी उघडतात. सडका भाग खरवडून काढतात, टायटॅनियमचे आटे घासून स्वच्छ करतात आणि उरलेल्या खड्ड्यात रवाळ पांढरे दाणे भरून वर पातळ पडदा लावतात. शिरूर कासारसारख्या गावातून बीडला किंवा संभाजीनगरला उपचाराला गेलेला माळकरी त्या दाण्यांकडे बघून विचारणारच: हे हाड कुणाचं?

प्रश्न साडेतीनशे वर्षांचा आहे. आम्स्टरडॅमचे शल्यवैद्य योब फान मेकेरेन यांच्या 1668 सालच्या पुस्तकात रशियातल्या एका उमरावाची हकीकत येते. तलवारीच्या घावाने गेलेल्या कवटीच्या जागी कुत्र्याच्या कवटीचा तुकडा बसवला. जखम भरली, पण चर्चने त्याला वाळीत टाकलं.

आपल्याकडे रोपणाची विद्या होती, ती कातड्याची. 1793 मध्ये पुण्याजवळ कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाच्या कातड्यातून घडवलं गेलं. ते कातडं देठाशी जोडलेलं राहायचं, त्यातून रक्त वाहायचं. हाडाचा तुकडा मात्र उपटूनच लावावा लागतो. मग तो जगतो कसा?

स्कॉटलंडमध्ये विल्यम मॅकइवेन यांनी 1880 च्या सुमारास एका मुलाच्या दंडाचं हाड इतर मुलांच्या हाडांचे तुकडे लावून उभं केलं, तेव्हाही याचं उत्तर नव्हतं. ते 1893 मध्ये आर्थर बार्ट यांनी दिलं: लावलेलं हाड मरतं आणि रुग्णाचं स्वतःचं हाड हळूहळू त्याची जागा घेतं. भरलेले दाणे हा नुसता मांडव, वेल आपलाच. मला या सगळ्या इतिहासात हा शोध सर्वांत मोठा वाटतो.

दातांकडे हे सारं उशिरा आलं. पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी 1965 मध्ये पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. ते रुजायला लागले, तसा त्यांच्याभोवतीचा आजारही दिसू लागला. भरायला दात्याचं हाड हवं, तर ते साठवणारी पेढीही हवी. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतीपेढी 1988 मध्ये सुरू झाली; दान मिळालेल्या, हाडासारख्या ऊती तिथे गॅमा किरणांनी निर्जंतुक होऊ लागल्या. अवयवदानाच्या कायद्यात ऊतींना जागा मिळाली ती 2011 च्या दुरुस्तीने.

आज डॉक्टरांपुढे चार वाटा असतात: रुग्णाचंच हाड, दात्याचं, गाईगुरांचं, किंवा प्रयोगशाळेत बनवलेलं कॅल्शियम फॉस्फेट. दाणे कुपीतून आले, तर ते कशाचे आहेत हे तिच्यावर छापलेलं असतं. शस्त्रक्रियेआधी रुग्णाला ते त्याच्या भाषेत सांगायलाच हवं, कारण नंतर कळलं तर तो माणूस आतून मोडतो.

आणि हाड कुणाचंही असो, खड्ड्याला भिंती असतील तरच दाणे टिकतात. हाड चहूबाजूंनी आडवं झिजलं असेल, तंबाखू चालू असेल, साखर वाढलेली असेल, तर दाणे भरूनही फारसं काही हाती लागत नाही.