गायक-मालकाची नाटक मंडळी

संगीत नाटक मंडळ्यांचे मालक सगळे एका जातीचे नव्हते. अण्णासाहेब किर्लोस्करांसारखा मालक स्वतः नाटककार होता. काही मालक फक्त व्यवहार पाहत. तिसरा प्रकार मुख्य भूमिका स्वतः गाणाऱ्या मालकाचा. विवेचनाला खरा तोच घ्यावा, कारण तिथे मंडळीचे भांडवल आणि मालकाचा गळा या दोन वस्तू राहतच नाहीत.

केशवराव भोसले हे याचे चोख उदाहरण. जन्म १८९० चा, कोल्हापूरचा. पोरवयातच स्वदेशहितचिंतक मंडळीत शिरून त्यांनी शारदेची भूमिका गाजवली आणि १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीला ‘ललितकलादर्श’ उभी केली. तेव्हा त्यांचे वय सतरा होते.

अशा मंडळीचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. कंपनी म्हणजे गावोगाव हिंडणारे बिऱ्हाड. नट, साथीदार, पडदेवाले, आचारी, सगळ्यांचे जेवण रोजचे. गल्ला मात्र खेळाच्या रात्रीचाच. आणि थिएटर भरते ते मालक गाणार म्हणून. मालकाचा घसा बसला की खेळ बंद ठेवता येतो, चूल बंद ठेवता येत नाही. म्हणून मुक्काम किती दिवसांचा, पुढचे गाव कोणते, आठवड्याला खेळ किती, हे सगळे आवाज किती सोसेल यावर येऊन ठेपते.

या ओढाताणीचे सगळ्यात बोलके ठिकाण म्हणजे ‘वन्समोअर’. पद संपते, टाळ्या पडतात, ऑर्गनवाला मालकाच्या चेहऱ्याकडे पाहत पहिल्या सुरावर बोट ठेवून थांबतो. शेवटच्या अंकातली पदे अजून बाकी आहेत, हे गायकाला ठाऊक असते. आज नाही म्हटले तर उद्याच्या तिकिटांवर परिणाम होईल, हे मालकाला ठाऊक असते. दोघांचा निर्णय एकाच माणसाने, एका श्वासात करायचा. केशवरावांसारख्या टिपेच्या आवाजाला तर हा भार फारच मोठा.

बालगंधर्वांकडे पाहिले की दुसरी बाजू दिसते. १९१३ साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे दोघेही भागीदार बाहेर पडले. वैभव डोळे दिपवणारे, कर्जही तसेच, आणि दोन्हींचा भार शेवटी एकट्याच्या गळ्यावर आला. १९३५ च्या ‘धर्मात्मा’ने त्यांना सिनेमात नेले, पण ते पुन्हा रंगभूमीवरच आले. मला यात हट्टापेक्षा निष्ठा अधिक दिसते. तरीही ते गाणे बालगंधर्वांबरोबरच चालणारे होते, मंडळीच्या पेटाऱ्यात ठेवून दुसऱ्याच्या हाती सोपवण्यासारखे नव्हते.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन मालक एका रंगमंचावर आले, हे आजही अंगावर शहारा आणते. तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबरला, केशवराव विषमज्वराने गेले. वय एकतीस.

गळा हेच भांडवल असेल, तर मंडळीही त्याच दिवशी संपायला हवी होती. ती संपली नाही. याचे कारण मला केशवरावांच्या मालकीतच सापडते. त्यांनी मामा वरेरकरांसारख्या नव्या नाटककाराचे ‘हाच मुलाचा बाप’ रंगभूमीवर आणले. स्वतःच्या आवाजापलीकडे मंडळीला नाटकांची पुंजी जमवून दिली आणि बापूराव पेंढारकरांसारखा गाणारा, जबाबदारी उचलणारा माणूस जवळ ठेवला. बापूरावांनी १९३७ पर्यंत, म्हणजे आपल्या मृत्यूपर्यंत, मंडळी सांभाळली. त्यांचे चिरंजीव भालचंद्र यांनी ती पुन्हा उभी केली. १९६० साली ‘पंडितराज जगन्नाथ’ रंगभूमीवर आले ते ललितकलादर्शच्याच नावाने. केशवरावांना जाऊन तेव्हा एकोणचाळीस वर्षे होत आली होती.